उन्हात धरून बघा

चोपड्याला, मेन रोडच्या आतल्या गल्लीत
सव्वासहा फुटी दुकान माझं. लोटन मॅचिंग सेंटर.
फॉल, अस्तर, परकर, ब्लाउजपीस.
तीनशे बारा रंग,
त्यात हिरवेच एकेचाळीस.
बाईनं पिशवीतून पदर काढायचा अवकाश,
माझा हात आपोआप त्या कप्प्यात.
डोळ्यांना विचारायची गरजच पडायची नाही.

मग कधीतरी
(दूध नासतं तेव्हा कोण घड्याळ बघतं)
ट्यूबलाइट म्हातारी झाली असं वाटलं.
बदलली.
नवी आणली, तीही म्हातारीच निघाली.
मोरपंखी आणि रामा एकमेकांत विरघळले,
जांभळ्याचा तपकिरी झाला,
मोतिया आणि श्रीखंडी, जन्माचे भांडखोर,
त्यांचं भांडण मिटलं.
समोरच्या टेलरच्या बल्बला रात्री काटे फुटायचे,
गोखरूसारखे.
मी म्हणायचो, धूळ आहे. रस्त्याचं काम चाललंय.

"हाऊ रंग नही जुयत, भाऊ."
"उन्हात धरून बघ, ताई."
ती पायरी उतरून जायची,
पदरावर पीस टाकून मान वाकडी करायची,
परत यायची.
"ऊनमाबी नही जुयत."

नंतर ते थांबलं.
दोन वर्षं कोणी काही परत आणलं नाही.
मला वाटलं, डोळा गेला तर गेला,
हात अजून शहाणा आहे.

जळगावला डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली.
"किती दिवस थांबलात? पार पिकलाय."
पिकलाय म्हणे. वखारीतल्या केळीसारखा.
सुईची भीती होती, तिचं काहीच वाटलं नाही.
लाल-निळा झगमगाट,
कोणी गोठलेलं तूप चमच्यानं काढतंय असं,
पंधरा मिनिटं.
जुनं भिंग बाद, नवं एक नग. पावती मिळाली.

तिसऱ्या दिवशी एसटीत, तापीच्या पुलावर,
हिरवी पट्टी जरा उचलली.
उत्तरेला सातपुडा.
निळा.
नुसता निळा नाही, आपल्याकडे चौऱ्याहत्तर नंबरचा ताका आहे ना,
तसला.
उजवा झाकला: डोंगर चहात बुडवलेला.
डावा झाकला: निळा.
पूल संपेपर्यंत हेच.
शेजारचा माणूस सरकून बसला.

दुकानात मेहमूदा तडवी गल्ल्यावर.
वैजापूरकडची पोर, तीन वर्षं झाली कामाला.
काउंटरखाली बुटांचा एक खोका होता,
माझ्या पायाला नेहमी लागायचा.
नव्या डोळ्यानं उघडला.
घड्या घातलेले पीस.
मी काढलेले, मीच कापलेले,
प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी:
कोणाची साडी, कोणता वार, खरा नंबर.
मी बिल लिहायला मान खाली घालायचो
तेवढ्यात पिशवीतला रंग बदललेला असायचा.
आधीचे कितीतरी तिनं आठवडे बाजारात गोधडीवालीला विकलेले,
पैसे गल्ल्यात.
तेही लिहिलेलं होतं.

"सांगितलं का नाहीस?"
ती फॉलचं बंडल गुंडाळत राहिली.
"तुमचा हात इतका लगेच जायचा, काका.
अडवला असता तर परत उठला नसता."

मला राग यायला हवा होता. शोधला, सापडला नाही.
डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे;
तो तळव्यानं झाकून
खोक्यातला वरचाच एक पीस उचलला.
चिठ्ठीवर: अंजिरी, मंगळवार, पोस्टातल्या बाई.
हातात कॉफी.
अंजिरीला कॉफी!
"अगं, हे तर आंधळ्यालाही कळलं असतं."

"आंधळ्याला कळलं असतं," मेहमूदा म्हणाली,
"तो विचारतो."

मग तिनं पंखा लावला.
गिऱ्हाईक आलं होतं.