एकवीस जागा

पेताउकेहून रात्रीच्या बसने आली झेलिपा, वय वर्षं अकरा.
लुआंग्वाचा पूल येईतो आईने तिला चिमटे काढून जागं ठेवलं होतं.
आमच्याच चिठ्ठीत तसं लिहिलेलं:
झोपू देऊ नका. मेंदू थकलेला हवा.

डोक्यावर मात्र कुणीतरी अख्खा दिवस खर्च केलेला.
कपाळापासून मानेपर्यंत बारीक घट्ट वेण्या,
मक्यासाठी सऱ्या पाडाव्यात तशा,
टोकाला निळे मणी.
"थोरलीनं घातल्यात," आई म्हणाली,
"लुसाकाला जायचं म्हणून."

मी कंगवा घेऊन उभी.
माझं काम तसं सोपं: मोजपट्टी, लाल पेन्सिल, चिकट मलम,
एकवीस तारा, एकवीस जागा.
पण तारेला कातडी लागते.

सोडायला पावणेदोन तास गेले.
एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने आई. मणी चहाच्या कपात.
हळूहळू कळत गेलं,
आई सोडली तर गावात हिला शिवणारे हात दोनच, त्या बहिणीचे.
फेस उडाला तर आपल्यालाही लागेल, म्हणतात लोक.
शेगडीवर पडली त्या दिवशीही म्हणाले असतील.
उजवा हात निखाऱ्यात,
अंगणभर माणसं,
आणि मधे मोकळी जागा.
बहीण बोअरिंगवरून धावत येईतो
चार बोटं एकमेकांत वितळली होती.
(फॉर्मवर यासाठी रकाना नाही.)

मग कागदी भिरभिरं. फुंक. फुंक. अजून फुंक.
तीन मिनिटं ती फुंकत राहिली,
काहीतरी विझवायचं असल्यासारखी.
पडद्यावर रेघा, आधी गवतावरून वारा जावा तशा.
डोळे मिटले, मान कलली,
आणि डाव्या बाजूला, भांगापासून चार बोटं खाली,
एक टोक. सुईचं.
परत.
थांबून परत.
बाकी घर झोपलेलं आणि एकाच दारावर कुणी वाजवतंय.

आईनं विचारलं, "ह्यातला तो कुठला?"
तो म्हणजे अंगात येणारा. माझी आजीही त्याचं नाव घेत नसे.
मी काचेवर बोट ठेवलं. म्हटलं, तो नाही. ही जागा.
ती बराच वेळ बघत राहिली.
"जागा आहे म्हणजे पत्ता आहे," म्हणाली.

दुपारी स्कॅन.
तीन पांढरे ठिपके, नाचणीच्या दाण्याएवढे,
मेलेल्या अळ्या, चुन्यात पुरल्यासारख्या.
चौथी अजून जिवंत, भोवती सुजेचं तळं.
डॉक्टर म्वीम्बा समजावत होते:
अंडी पोटात जातात, न धुतलेल्या हातांनी, पाण्यातून,
जिथे डुकरं मोकळी हिंडतात आणि माणसं शेतात बसतात.
कुणाचा शाप नाही. कुणाची करणी नाही.
"डुकरं विकूनच तिकीट काढलं," आई म्हणाली.
पंखा फिरत राहिला.

गोळ्या साठ दिवसांच्या.
पुढच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळतील, असं आम्ही म्हणालो.
मिळतीलच, असं कुणी म्हणालं नाही.
केस पिंजारलेले, मलमानं चिकट,
वरून चितेंगेचं फडकं बांधून ती बसमध्ये चढली,
डाव्या मुठीत मणी.
रात्री मी नखांतलं मलम टोकरत बसले.

सातव्या आठवड्यात फोनवर फोटो आले.
मजकूर नाही. नुसतं डोकं:
मागून, वरून, दोन्ही बाजूंनी.
नव्या वेण्या. पण ह्या सरळ जात नाहीत,
मधेच अडतात, वळसा घालतात,
आणि तिथे तिथे नाण्याएवढी उघडी कातडी.
लाल खुणा पुसण्याआधी
थोरलीनं बघून ठेवल्या असणार.

मी मोजत गेले. तेरा. चौदा. एक जराशी सरकलीय.
एकोणीस.
उरलेल्या दोन कानांच्या पाळ्यांवर,
तिथे केस नसतातच.