कामाचा रंधा

मार्चमधला रविवार, हेक्समबाहेरचं ओलं शेत,
गाड्यांच्या डिक्या उघडून बसलेली माणसं.
सहालाच पोचायचं. बॅटरी लागते, गुडघ्यापर्यंतचे बूट लागतात,
आणि चेहऱ्यावर काही न दिसू देण्याची सवय.

मला शोभेचे नकोत.
पितळ घासून, वार्निश मारून काचेच्या कपाटात ठेवलेला रंधा
म्हणजे कायमच्या रजेवर पाठवलेला कामगार.
माझ्याकडे जिने बनतात. अ‍ॅशचे, ओकचे,
रात्री उशिरा येणाऱ्याची चुगली न करणारे.

बघायचं ते एवढंच:
तळाला पोलादी पट्टी लावून उजेडासमोर धरायची,
उजेड कुठून झिरपतो ते बघायचं.
टिचकी मारायची. चीर गेलेलं लोखंड बद्द वाजतं,
मग खाली ठेवायचं, बोलायचं नाही.
गंजाला भिऊ नये, तो रात्रभर व्हिनेगरमध्ये सुटतो.
पात्याच्या पाठीवर देवीचे व्रण असले की मात्र सोडायचा,
तिथे धार धरत नाही.

हे सगळं मी ब्रायनीला शिकवत होतो
तेवढ्यात तिने एका निळ्या चादरीवरून तो उचलला.
बीचचा, हातभर लांब, जुन्या मधाच्या रंगाचा,
नाकावर तीन नावं ठोकलेली,
एकाच दारावरच्या तीन भाडेकरूंसारखी:
जे. रॉब्सन. टी. चार्लटन.
आणि सगळ्यात खाली डब्ल्यू. हेस्लॉप.

पातं उलटं बसवलेलं होतं.
मी हसलो. घासाघिशीला अशी जागा मिळाली की सोडवत नाही.
"कुणा अडाण्याच्या हातात होता," म्हणालो,
"आत आणखी काय बिघडलंय कुणास ठाऊक. दहा देतो."

चादरीमागची बाई थर्मासचं झाकण फिरवत राहिली.
"बाबांनीच बसवलंय ते," ती म्हणाली,
"शेवटच्या हिवाळ्यात.
पंचेचाळीस वर्षं खिडक्या केल्या त्यांनी.
मी चहा घेऊन शेडमध्ये जायचे
तेव्हा ते फळीवर ढकलत असायचे, पुढे, मागे, पुढे.
एक ढलपी निघायची नाही.
पायाशी जमीन स्वच्छ.
विचारलं तर म्हणायचे, होतंय, होतंय."

ब्रायनीने माझ्याकडे बघितलं. मी शेताकडे.
दोन टेबलांपलीकडे कुणीतरी रेडिओ लावला आणि बंद केला.

वीस दिले असते. खिशात होतेही.
तिने पंधरा सांगितले, मी पंधरा दिले.
घरी येईपर्यंत हात स्टिअरिंगवर नीट बसेनात.

वर्कशॉपमध्ये पाचर सैल केली, पातं काढलं,
दगडावर धरायला गेलो
तर त्याला धार होती. ताजी, सरळ, केस कापेल अशी.
हे जास्त लागलं.
हात काही विसरले नव्हते.

मुठीला अंगठ्याचा खळगा आहे, डावखुऱ्याचा.
माझा अंगठा त्याच्या शेजारी राहतो.

पहिली ढलपी कठड्यावरून अखंड निघाली,
कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
वळत वळत येऊन मनगटाला गुंडाळली.
"तुमचं नाव ठोकायचं का?" ब्रायनी म्हणाली, "जागा आहे."
राहू दे म्हटलं. बघू.

आता रोज सकाळी, काम सुरू करण्याआधी,
ती किटली भरायला गेली की
मी तोंडात बोट घालून चाचपतो,
पात्याचा उतार कुठल्या बाजूला आहे.
खाली आहे.
परत एकदा चाचपतो.