ती डोळ्यांत बघत नाही

वूच शहरातलं वस्तुसंग्रहालय, दालन तिसरं,
खिडकीपासून दुसरं चित्र.
समोरच्या खुर्चीवर मी बसते, नऊ वर्षं झाली.
काम एवढंच: कुणी हात लावू नये.

अर्थ लावायला मनाई नाही.

"तोंड बघा," गाइड सेवेरिन सांगतो,
"चेहऱ्याच्या मानाने केवढं मोठं,
वर तीन थर रंगाचे. ही गिळलेली किंकाळी आहे."
वॉर्सॉहून आलेल्या बाई म्हणाल्या, भूक.
एक विद्यार्थी वासना म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.
केसांतल्या पांढऱ्या ठिपक्यांना बहुतेक जण बर्फ म्हणतात.
आणि नजर? जराशी खाली उतरलेली,
बघणाऱ्याच्या डोळ्यांना भिडत नाही, म्हणजे
लाज. यावर सगळ्यांचं एकमत.

मी गप्प बसते. पगारात बोलणं धरलेलं नाही.

पण लुद्विका गिरणीत होती, विणाई खात्यात,
माझ्या आईसारखीच.
ते बर्फ नाही, कापसाचं तूस आहे;
आईच्या उशीवर, पावावर, आमच्या सुपातसुद्धा तरंगायचं.
आणि एका छपराखाली एवढे माग धडधडत असताना
भिंतींना कान असते तर भिंतींचेही गेले असते.
तिशीतच बायका बहिऱ्या व्हायच्या,
मग मागापलीकडचे ओठ वाचायच्या:
दूध नासलं. पोर तापलंय. मुकादम येतोय.
घरी आल्यावरही आई माझ्या डोळ्यांत बघायची नाही,
ओठांकडे बघायची.
मला वाटायचं, माझं खोटं तिला कळतंय.

लाज नाही हो ती.
ती ऐकतेय.

कोपऱ्यात सहीच्या जागी नाव नाही,
बिल्ल्याचा नंबर आहे, ४१२.
"ओळख पुसली गेल्याची खूण," सेवेरिन म्हणतो,
आणि इथे मला त्याला खोडता येत नाही.
शेवटच्या तापात डॉक्टरांनी नाव विचारलं
तेव्हा आईनेही आकडाच सांगितला.
पण सांगताना आवाज किती ठणठणीत होता तिचा!

करंगळीला बांधलेल्या निळ्या दोऱ्याचं मात्र
मलाही काही कळत नाही.
कदाचित नुसता दोराच असेल.

एक गोष्ट कुणी विचारत नाही.
आरशासमोर बसून तिने हे काढलं असणार,
म्हणजे स्वतःच्याच ओठांकडे बघत.
असं काय बोलत होती ती स्वतःशी
की नीट वाचता यावं म्हणून
तीनदा रंगवावं लागलं?

पावणेसहाला अर्धे दिवे मालवतात.
बाहेर ट्राम वळते, काचा थरथरतात,
तिला त्याचं काही नाही.
गुडघ्यांवर हात रेटून मी उठते,
दोरीच्या अलीकडे, अगदी समोर उभी राहते
आणि आवाज न करता, ओठ नीट उघडून
सांगते, आईला सांगायचे तसं:

आज खूप माणसं आली होती.
दूध संपलंय.
निघते मी.