बिनमातीचा बांध

ताळगाव पठारावरल्या प्रयोगशाळेत
पंप सकाळपासून घरघरतोय.
काचेची नळी कायतानने फुंकलेली;
जोडाशी एक बुडबुडा राहिलाय,
तो म्हणतो, ती म्हजी सही.

आरगॉन सोडला, सुईच्या टोकाएवढा.
व्होल्ट चढवत नेले,
नळीत जांभळं उजाडलं.
मग धनाग्रापाशी
एक गोळा फुगला, लिंबाएवढा,
कडा इतकी रेखीव
की आत कुणी दुसरी काच ठेवलीय वाटावं.
ठेवलेली नाही.
नुसते दोन थर पाठीला पाठ लावून,
एकात धन जरा जास्त, एकात ऋण,
मध्ये तीन मिलिमीटर
आणि एकोणीस व्होल्टची उडी.
इलेक्ट्रॉन तिथून आत झेपावतात,
आपटतात, म्हणून उजेड.

मोजायला टंगस्टनची तार पुढे सरकवली
तर गोळा मागे सरला.
म्हणजे आठवडाभर मी मोजतेय
ते त्याचं सरकणं.

चोडणला आमचा बांध होता. आहे.
आत कोरगुटाचं शेत, बाहेर खारं पाणी,
मध्ये चिखल, दगड, मानशीची फळी,
आणि अमावास्येच्या भरतीला
कंदील घेऊन फिरणारे बाबा.
एका वर्षी खांड पडलं.
पाय न धुता ते ओट्यावर बसून राहिले,
गाळ पायावरच वाळला.

इथे चिखल नाही, राखणदार नाही.
वाहणंच स्वतःला बांध घालतं,
वाहणं थांबलं की बांधही नाही.
हे मी त्यांना एकदा सांगितलं.
ते म्हणाले, मग तो फुटतो कसा?
मी म्हटलं, बघतेय.

सर म्हणतात, ध्रुवांच्या वर
हजारो किलोमीटर उंचावर
असेच थर उभे राहतात,
इलेक्ट्रॉन खाली लोटतात,
आणि नॉर्वेत कुणाच्या तरी अंगणावर
आभाळ हिरवं हलतं.
त्याला वाटत असेल, रात्र सुंदर आहे.

चार वीसला वीज गेली.
पंप उसासा टाकून थांबला.
उरली काच, बुडबुड्यासकट.
वहीत एकोणीस लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह.

आईचा फोन:
फळी अडकलीय, भरती चढतेय,
बाबांचे गुडघे तुला ठाऊकच आहेत.
रायबंदरची फेरीबोट गाठली.
कोयता घरी मिळेल.
पायातल्या चपला तेवढ्या चुकीच्या होत्या.