असईसाठी अठ्ठावीस

बाटल्यांच्या बुचांवर एकेक चिकटवून
गॅलरीत ठेवलेत अठ्ठावीस हायलँडर,
करंगळीच्या पेराहून जरासे उंच.
अजून नुसता राखाडी अस्तराचा हात झालाय,
रांगेत उभे, रेशनच्या दुकानापुढे असावेत तसे.
शेजारच्या शेवग्याची फुलं गळतायत
रंगाच्या पाण्यात, माझ्या चहात.
एक सार्जंटच्या टोपीवर येऊन बसलं,
मी रंगवणार होते त्या पिसांपेक्षा बरं दिसलं.

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई पसरलेली, रेघ तुटलेली, आकडा सरकलेला:
बाजूला. बाजूला. बाजूला.
निवृत्त झाले आणि हातांना काही सुचेना.
पापड लाटले, तेही सगळे एका मापाचे;
सून म्हणाली, आई, भीती वाटते तुमच्या पापडांची.

मग वरच्या मजल्यावरचे अण्णा मोगल आले,
निफाडचे, द्राक्षबाग मुलाकडे सोपवून मोकळे झालेले.
त्यांच्या हॉलभर प्लायवूड, त्यावर जुई नदी, केळणा नदी,
काथ्याला हिरवा रंग देऊन केलेलं गवत.
असईची लढाई.
"मराठ्यांची बाजू मोगलांकडे,"
हे ते दर वेळी सांगतात, दर वेळी स्वतःच हसतात.
"गोरे तुम्ही रंगवा, वहिनी. तुमची नजर बारीक."

घागऱ्याला पहिला हात गडद हिरवा.
त्यावर निळे पट्टे, मग काळे,
आणि शेवटी पांढरी रेघ, केसाएवढी, श्वास रोखून.
आईचं एक लुगडं होतं अशाच चौकड्यांचं,
फाटल्यावर त्याची माझ्यासाठी दुपटी झाली.
अण्णा म्हणतात, आपल्या उन्हात
यांनी पांढऱ्या विजारीच घातल्या असणार.
असतील.
मी चौकड्या सोडणार नाही.

कपड्यांच्या तारेला शिंजिराची मादी घरटं विणतेय.
कोळ्याची जाळी, वाळलेली पानं, कसलासा कागद,
आणि काल तिनं चक्क
अण्णांच्या रणांगणातलं गवत पळवलं.
केळणेच्या काठावर आता टक्कल पडलंय.

चौऱ्याहत्तरावी पलटण ही.
अण्णांनी वाचून दाखवलं,
वाट चुकून गावाच्या फार जवळ गेली,
थेट तोफांसमोर.
येत्या रविवारी तोफा पहिल्याच तासाला यांना आडवं करतील,
फासे बरे पडले तर दुसऱ्या.
तरी मी बुटांचे बंद रंगवते.
पट्ट्याच्या बकलावर एक ठिपका, पितळी.
डोळे सगळ्यात शेवटी.
ढोल वाजवणाऱ्या पोराचा उजवा नीट आला,
डावा जरा वर बघतो,
तारेकडे.

रंगपंचमीला तिवंध्याची रहाड उघडली.
शाल्मली धप्पा मारून आली, नखशिखांत पिवळी,
बेल पिवळी, जिन्याचा कठडा पिवळा,
"आजी, हा झाला?"
मी नको म्हणेपर्यंत तिनं ते पोर उचललं.
हिरव्या चौकडीवर, पांढऱ्या रेघेवर
अख्खा अंगठा.
भिंगातून पाहिलं तर वळणंसुद्धा उमटलेली,
एकही तुटलेली नाही.

थिनरची बाटली हाताशी होती,
एकतीस वर्षांची सवयही.
झाकण उघडलं.
तो वास, आणि खालून ढोल, आणि बादलीत ओतलेलं पाणी.
झाकण परत लावलं.

रविवारी अण्णा चष्मा वर करून वाकले.
"हा कुठल्या पलटणीतला म्हणायचा?"
"तिवंध्याच्या," मी म्हटलं.
"टाका फासे."