टोचन

जुलैअखेर मी सुटणार,
म्हणून मुकुंदने वहीत चार रकाने आखलेत:
गाव, दवाखाना, हवामान, लेक किती लांब.
पाचवा मी पेन्सिलीने घातला:
माती.
तो हसला. मानेला पट्टा आहे,
त्याला हसायलाही अख्खं वळावं लागतं.

पुणे. गौतमीने फ्लॅट बघून ठेवलाय, सातवा मजला,
दोन बाथरूम, खाली योगाचा वर्ग.
मी तळघर बघून आले.
गाड्या एकावर एक, डब्यातल्या पापडांसारख्या,
आणि पाटी: कमाल उंची एक पंचावन्न.
माझी जिप्सी टपावरच्या कॅरिअरसकट दोनच्या वर.
"वीक ना तिला आता," गौतमी म्हणाली, मायेने,
दुखरा दात काढून घे म्हणावं तसं.

दापोलीची माती तांबडी, पकड चांगली,
पण प्रत्येक वाट कुणाच्या तरी आंब्यांत जाऊन संपते.
डेहराडूनला थंडी, आणि मुकुंदची मान.
इंदूरकडची काळी मी ओळखते,
उन्हात भेगा, पाण्यात डिंक,
चाकाला धरते ती सोडतच नाही.

आणि ही इथली.
ग्वाल्हेर सोडून मुरैन्याकडे तासभर गेलं
की जमीन एकाएकी विचार बदलते.
भरके म्हणतात इथे.
पिठासारखी पिवळी माती, पाण्याने कापत नेलेली,
घळीच्या पोटात घळ, तिच्या पोटात विलायती बाभूळ,
वर आकाशाची एक चिंधी.
तेहतीस वर्षं मृदसंधारण खात्यात
या घळी थांबवायच्या योजना लिहिल्या मी,
आणि सुट्टीच्या दिवशी
दुसरा दांडा फोर-लोमध्ये ओढून
त्यांच्यातच उतरले.
कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

उतारावर ब्रेकला पाय लावायचा नाही.
पहिल्या गिअरवर सोपवायचं,
दात धरून उतरते ती.
मुकुंद एकदाच आला होता, अठ्ठ्याण्णव साली.
सगळा उतार डोळे मिटून एकोणतीसचा पाढा म्हणत होता.
खाली पोचल्यावर म्हणाला,
चहा आणलायस का?

आता बुलडोझर आलेत.
टेकाडं घळींत लोटतात, वर मोहरी पेरतात.
चांगलंच आहे ते, माझ्याच एका अहवालात
तशी शिफारस होती, पान एकेचाळीस.
डॉक्टर माझ्या चौथ्या-पाचव्या मणक्याविषयी बोलतात.
घळ आणि मी,
किती वर्षं उरलीत ते दोघींनाही ठाऊक नाही.

मागच्या सप्टेंबरात सांकच्या काठी
पुढचं डावं चाक गेलं.
गाडी पोटावर बसली, फोनला रेंज नाही,
अंधार, आणि लांब कुठेतरी एकच दिवा.
दोन मैल चालले, कुत्र्यांना शिव्या घालत.
रामलखन गुर्जर जेवत होता.
त्याने ताटावर ताट झाकलं,
ट्रॅक्टर काढला, साखळी खांद्यावर घेतली.
या वयात, या वेळी, इथे काय करत होतात,
यातलं काहीच नाही. एवढंच:
"फिर फँस गईं, बाईसाब?"
त्या "फिर"मध्ये चौदा वर्षं होती.

पैसे घेतले नाहीत.
दुसऱ्या दिवशी मी डिझेलचा कॅन पाठवला,
तो परत आला, भरलेलाच,
आणि त्याच्याबरोबर तुपाची बरणी.

वहीत सहावा रकाना मावत नव्हता.
काल रात्री समासातच आडवं लिहिलं:
टोचन कोण लावणार?
पुण्यासमोर विमा कंपनीचा नंबर, चोवीस तास सेवा.
दापोली, डेहराडून, इंदूर, रिकामं.
इथल्यासमोर एक नाव.

सकाळी मुकुंदने वही उघडली.
चष्मा पुसला. अख्खा माझ्याकडे वळला,
मग पुन्हा अख्खा वहीकडे,
आणि हवामानाच्या रकान्यात
सत्तेचाळीस अंश खोडून लिहिलं:
सवय आहे.