दोन इंच, दोन सूत

अडलेल्या गाईचं वासरू ओढायची दोरी
मी गाडीतून काढली आणि
बार्शी नाक्यावर, गॅरेजच्या तेलकट फरशीवर सरळ अंथरली.
तिला दोन गाठी होत्या.
पहिली, करंजवाडीच्या ओढ्याला पाणी कुठवर येतं त्याची.
दुसरी, पलीकडच्या काळ्या रानात
भाद्रपदातल्या एका रात्री चाक कुठवर रुतलं त्याची.
दोन तास उशिरा पोचले होते.
वासराचे पाय तोवर गार झालेले.

कय्यूम मिस्त्रींनी दोरी वितीनं मोजली.
"डॉक्टरीणबाई, कित्ता उठाना होना?"
"चार इंच."
"कायकू?"

जिप्सी लिलावातली. दारावरचं खात्याचं नाव
खरवडलं, तरी तिरप्या उन्हात अजून वाचता येतं.
हाताखालच्या अंगदनं मोबाइलवर किट दाखवलं:
चार इंची, पिवळेधमक शॉकअप, आत नायट्रोजन भरलेला,
शेजारी एक गोरा माणूस
ओठ दाबून वाळवंटाकडं बघतोय.
म्हटलं, नायट्रोजन तर माझ्याकडंही आहे,
मागच्या बाकाखाली, उणे एकशे शहाण्णव,
त्यात साठ काड्यांमध्ये देवणी वळू झोपलेत.
मिस्त्री हसले. मग हसायचे थांबले.
"और ये डब्बा कलंडा तो?"

पोतं अंथरून ते गाडीखाली गेले.
पान्यानं कशावर तरी ठोकलं. ठण्ण.
"चिखलात कोण अडकतं? हा. डिफ्रेंशियलचा गोळा.
पाटे उंच केले की तुम्ही उंच बसता,
टप उंच होतो. गोळा इथंच.
त्याला फक्त टायर उचलतो."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
सहा महिने प्रवासभत्त्यातून
मी चार इंच साठवत होते,
आणि अडकणारी वस्तू
माझ्या हिशेबातच नव्हती.

लांब शॅकल टाकून उंची वाढवायची स्वस्त युक्ती
मी नुसती सुचवली, तर पान्यासकट हात हलला:
"स्टेअरिंग भटकतं. सौताड्याच्या वळणावर भटकलं तर?"
ब्रेकची नळी ओढून दाखवली. इतकीच ढील.
चार इंचाला ती ताणणार,
शाफ्टचा क्रॉस कुरकुरणार,
मग नळी लांब, मग शाफ्ट लांब, मग बिल लांब.
"उंचाई अकेली नै आती, खानदान लेके आती."

मग शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर
सगळी गाडी रिकामी करायला लावली त्यांनी.
नायट्रोजनचा कॅन अकरा किलो.
लसीची शीतपेटी चौदा.
सोपान परिचर त्र्याऐंशी (तो म्हणाला, ऐंशी).
मी चढले तेव्हा अंगद
शहाण्या पोरासारखा रस्त्याकडं बघत राहिला.

तर ठरलं ते असं:
जालन्याहून नवे पाटे, एक पान जास्तीचं,
टायर एक नंबर मोठे, शॉकअप साधे, काळे.
आणि सोपानच्या दुखऱ्या खुब्यासाठी
दाराखाली पट्टीचा एक तुकडा, वेल्डिंग करून.
बसवून मोजलं तर दोन इंच दोन सूत.
वरचे दोन सूत वजनानं उतरतील, म्हणाले.
त्यांचे पैसे घेतले नाहीत.

करंजवाडीचं रान तसंच आहे.
चिखल अजून चाकाला धरतो,
पण फोर-लोला टाकलं की
पायातली चप्पल सोडावी तशी सोडतो.
फोटो काढावा असं त्यात काही नाही.

दोरी मी पोटॅशच्या पाण्यात धुतली,
गाठी सोडायच्या राहिल्या.
परवा एका म्हशीच्या गोठ्यात, बॅटरी संपलेली,
ओल्या दोरीवरून हात सारखे निसटत होते.
सोपानच्या मुठीला ओढ्याची गाठ लागली,
माझ्या मुठीला रानाची.
मग आम्ही ओढलं.